तेलगळती प्रतिबंध नियोजन (मराठवाड्यातील कारखाने)

कारखान्यात साठवलेले डिझेल, फर्नेस ऑइल (भट्टी-बॉयलरचे जड इंधन), हायड्रॉलिक ऑइल, ट्रान्सफॉर्मर ऑइल किंवा खाद्यतेल टाकीबाहेर पडलेच, तर ते नाल्यात किंवा जमिनीत जाऊ नये म्हणून आधीच करून ठेवलेली बांधकामाची, तपासणीची आणि कामवाटपाची लेखी व्यवस्था. मराठवाड्यात हा विषय प्रामुख्याने वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर आणि नांदेड येथील औद्योगिक वसाहतींत येतो. वाळूजजवळून वाहणारी खाम नदी पुढे नाथसागराला (जायकवाडी धरणाच्या जलाशयाला) मिळते आणि छत्रपती संभाजीनगर व जालना ही दोन्ही शहरे त्याच जलाशयाचे पाणी पितात. त्यामुळे या भागात आवाराबाहेरची गटार ही कारखान्याची खासगी बाब राहत नाही.

कायद्याची चौकट

अमेरिकेत यासाठी 1973 पासून स्वतंत्र नियम आहे. जमिनीवरील टाक्या-पिंपांची एकूण क्षमता 1,320 गॅलनपेक्षा (सुमारे 5,000 लिटर) जास्त असेल आणि सांडलेले तेल जलप्रवाहापर्यंत पोचण्याची शक्यता असेल, तर तिथे लेखी आराखडा सक्तीचा आहे. 55 गॅलनचे पिंपही या हिशोबात धरले जाते आणि दर पाच वर्षांनी आराखड्याचा फेरआढावा घ्यावा लागतो.

भारतात असा एकच नियम नाही, जबाबदाऱ्या विखुरलेल्या आहेत. साठवणुकीचा परवाना पेट्रोलियम कायदा 1934 आणि पेट्रोलियम नियम 2002 खाली पेसो (केंद्र सरकारची पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) देते. पेट घेण्याच्या तापमानानुसार पाडलेल्या वर्गांपैकी डिझेल ‘ब’ वर्गात मोडते. एका जागी एकूण 2,500 लिटरपर्यंत आणि कोणतेही भांडे 1,000 लिटरपेक्षा मोठे नसेल, तर परवाना लागत नाही. फर्नेस ऑइल ‘क’ वर्गातले, त्याची मर्यादा 45,000 लिटर. परवाना लागत नाही याचा अर्थ बंदोबस्त लागत नाही असा काढला जातो, तो चुकीचा आहे. जल कायदा 1974 नुसार अपघाताने विसर्ग झाला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला तत्काळ कळवावेच लागते, टाकी कितीही लहान असो. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे.

डाईक आणि त्याचा हिशोब

टाकीभोवतीच्या बंदिस्त भिंतीला कारखान्यांत डाईक किंवा बंड म्हणतात. सर्वांत मोठ्या टाकीच्या 110 टक्के तेल त्यात मावावे, हा प्रचलित ठोकताळा. मराठवाड्यात तो तेवढ्यावर सोडता येत नाही. उदाहरणार्थ, 8 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि 0.6 मीटर उंच डाईकमध्ये 20,000 आणि 10,000 लिटरच्या दोन टाक्या आहेत. डाईकचे आकारमान 24,000 लिटर. दुसऱ्या, 2 मीटर व्यासाच्या टाकीने व्यापलेली जागा वजा केली की सुमारे 22,100 लिटर उरते, म्हणजे कागदावर 110 टक्के भरले. पण 24 तासांत 65 मिलिमीटर, म्हणजे अतिवृष्टीच्या व्याख्येइतका पाऊस झाला, तर त्याच डाईकमध्ये 2,600 लिटर पाणी साचते. उरले 19,500 लिटर. मोठ्या टाकीतले तेलही आता मावत नाही. भिंत 0.75 मीटर केली असती तर पाणी साचूनही जवळपास 25,000 लिटर जागा राहिली असती. पंधरा सेंटिमीटरचे बांधकाम बांधतानाच करावे, नंतर ते महागात जाते.

दुसरी अडचण काळ्या मातीची. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसात फुगते. थेट तिच्यावर बांधलेली भिंत कोपऱ्यात आणि तळाच्या सांध्यात तडकते. म्हणून पाया माती काढून मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा आणि तळाला काँक्रीट करावे. मातीचा बांध हा इथे डाईक धरूच नये. खाली गेलेले तेल बेसॉल्टच्या सांध्यांतून शेजारच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरू शकते, आणि तिथून ते काढणे जवळजवळ अशक्य असते.

गळती-चाचणीसाठी डाईकमध्ये पाणी भरून 24 तास पातळी पाहतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनानेही पातळी उतरते, म्हणून शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिची घट वजा करावी.

निचऱ्याचा व्हॉल्व्ह

बहुतेक डाईक भिंतीमुळे नव्हे, या एका व्हॉल्व्हमुळे निकामी होतात. पावसाचे पाणी साचते, कुणीतरी व्हॉल्व्ह उघडतो, शिफ्ट बदलते आणि तो उघडाच राहतो. कोरडे महिने असेच जातात; टाकी फुटते त्या दिवशी डाईक असून नसल्यासारखा असतो. व्हॉल्व्ह भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, कायम बंद आणि कुलूपबंद असावा, किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे. पाणी सोडण्याआधी पृष्ठभागावर तेलाचा तवंग आहे का ते उजेडात पाहावे. तवंग असेल तर ते पाणी पावसाच्या गटारीत न सोडता तेल-पाणी विलगीकरण टाकीत न्यावे. उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ, सहीसह, रजिस्टरमध्ये लिहावी. पूर्ण तपासणी मृग लागण्याआधी संपवावी.

विलगीकरण टाकीत फक्त सुटे तेल तरंगून वेगळे होते. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कापकामाच्या) मशीनचे दुधाळ कूलंट, म्हणजे हत्यार थंड ठेवणारे तेल-पाण्याचे मिश्रण, किंवा साबणाने धुतलेले तेलकट पाणी तिच्यातून सरळ पुढे जाते. सांडलेल्या डिझेलवर साबणाचे पाणी ओतून फरशी धुणे ही म्हणूनच सर्वांत घातक सवय आहे.

टँकर रिकामा करताना

आधी डिपस्टिकने (टाकीत बुडवायच्या मोजपट्टीने) टाकीतली रिकामी जागा मोजावी; काचेच्या लेव्हल नळीवर भरवसा ठेवू नये, फर्नेस ऑइलने ती चोंदते. टाकी 90 ते 95 टक्क्यांवर थांबवावी, कारण तापलेले तेल फुगते. अर्थिंग, चाकांना ठोकळे, होजच्या (तेल उतरवायच्या नळीच्या) जोडाखाली ट्रे, जवळच्या गटारीच्या तोंडावर झाकण आणि शेवटपर्यंत जागेवर उभा असलेला माणूस, एवढे सगळे असल्याशिवाय पंप चालू करू नये. होज काढताना आत उरलेले तेल हमखास सांडते.

सांडल्यावर प्रथम ठिणगीचे स्रोत आणि प्रवाह बंद करावा, मग गटारीचे तोंड. फर्नेस ऑइल थंड होऊन घट्ट होते, फावड्याने भरता येते. डिझेल मात्र धावते. त्याला कोरड्या वाळूचा बांध घालावा लागतो. लाकडाचा भुसा तेल शोषतो, पण स्वतः पेटतो. तेल शोषलेली वाळू, चिंध्या आणि वापरलेले तेल घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतो: साठवण 90 दिवसांपर्यंत, रवानगी मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) अधिकृत प्रक्रियाकेंद्राकडेच. भंगारवाल्याला दिलेले पिंप ही गळतीच आहे, फक्त कारखान्याबाहेर झालेली.

लातूरच्या सोयाबीन तेल गिरण्यांतही हीच व्यवस्था लागते. खाद्यतेल विषारी नसले तरी पाण्यावर थर धरून हवा अडवते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, त्यामुळे ओढ्यातले मासे मरतात.