शॉवरची काच : सिलिकॉन कुठे लावायचं आणि कुठे नाही

बाथरूममध्ये शॉवरभोवती काच बसवून घेतली की काही महिन्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. काचेच्या बाहेरची फरशी सतत ओली राहते. मग मिस्त्री येतो आणि काचेखालच्या पट्टीला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून सांधे बुजवायच्या सिलिकॉनचा जाड थर देऊन जातो. थोड्या दिवसांत ओल परत दिसते, आणि आता पट्टीच्या कडेला काळी बुरशीही धरलेली असते. सगळे म्हणतात, सिलिकॉन कमी पडलं. खरं तर बऱ्याचदा ते नको त्या बाजूला लागलेलं असतं.

घरगुती शॉवरमधून मिनिटाला साधारण 8 ते 12 लिटर पाणी पडतं. 10 लिटर धरलं, तर आठ मिनिटांच्या अंघोळीला 80 लिटर. त्यातलं एक टक्का पाणी जरी भलत्या वाटेला लागलं, तरी माणशी रोज 800 मिलिलिटर होतात. घरात चार माणसं असली की तीन लिटरांहून जास्त पाणी दररोज फरशीखाली मुरू शकतं. खालच्या घराच्या छताला पोपडे धरायला एवढं पुरेसं आहे.

हे पाणी जातं कसं? पाणी उताराकडे वाहतं हे आपण लहानपणापासून पाहतो, पण बारीक फटीत ते वरही चढतं. पाण्याच्या रेणूंना काच, फरशी, सिमेंट यांची ओढ असते, आणि पृष्ठताणामुळे पुढचं पाणी मागच्याला खेचून घेतं. यालाच केशाकर्षण म्हणतात. दोन स्वच्छ काचांमध्ये 1 मिलिमीटरची फट असेल तर पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढतं. फट 0.1 मिलिमीटर केली तर जवळजवळ 15 सेंटिमीटर. फट दहापट बारीक, चढाई दहापट. म्हणजे काचेखालची बोटभर उघडी जागा जितकी त्रास देत नाही, तितका त्रास सिलिकॉन कडेने किंचित सुटल्यावर पडणारी केसाएवढी भेग देते. उघड्या जागेतलं पाणी वाहून जातं आणि हवेने सुकतं. भेगेतलं पाणी तिथेच धरून राहतं, आणि पुढच्या अंघोळीचं पाणी त्याला येऊन मिळतं.

आता काचेखालच्या त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीकडे पाहू. ती आतून पोकळ असते. काच आणि रबर यांच्यामधून, कोपऱ्यातल्या जोडांमधून थोडं पाणी तिच्यात शिरणारच, हे बनवणाऱ्यांनीही गृहीत धरलेलं असतं. म्हणून अशा बऱ्याच चौकटींना आतल्या बाजूने बारीक छिद्रं किंवा मोकळी कड ठेवलेली असते, त्यातून शिरलेलं पाणी परत शॉवरच्या भागात उतरतं. अशा चौकटीला फरशीलगत आणि भिंतीलगत सिलिकॉन लावायचं ते बाहेरच्या बाजूने, सलग. आतली कड मोकळी सोडायची. दोन्ही बाजू बंद केल्या की शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. ते पट्टीत साठतं आणि स्क्रूच्या भोकातून, नाहीतर बाहेरच्या सिलिकॉनच्या एखाद्या कमजोर जागेतून वाट काढतं. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच समजावून सांगायला फार कमी जण थांबतात. चौकटीबरोबर येणारा माहितीचा कागद फेकून न देता मिस्त्रीच्या हातात ठेवा. काच थेट फरशीवर उभी असेल आणि खाली पोकळी नसेल, तर मात्र तिच्याखालची फट पूर्ण भरावी लागते.

दरवाजाखाली तर सिलिकॉन लावताच येत नाही. काचेवरून ओघळणारं पाणी खालच्या कडेला आलं की लगेच गळून पडत नाही; कडेला चिकटून वळतं आणि पलीकडे जातं. म्हणून दरवाजाच्या खालच्या कडेला पारदर्शक पट्टी बसवतात, जिला एक तिरकी पाती असते. ती पाती आतल्या बाजूला झुकलेली हवी. उलटी बसवलेली पट्टी पाणी इमानाने बाहेर सोडते, आणि अशा उलट्या पट्ट्या कितीतरी घरांत सापडतात.

पण सिलिकॉनवर किती भार टाकायचा हे ठरतं ढाळावर. शॉवरच्या भागात नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जमिनीतल्या जाळीकडे, मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. काचेखालचा उंबरा असेल तर त्याचा माथाही किंचित आत कललेला हवा. जुन्या घरांतल्या मोरीला काच नव्हती, सिलिकॉन नव्हतं, पण शहाबादी फरशीला चांगला ढाळ आणि कडेला उंच काठ होता. पाणी थांबतच नसे. आज मोठ्या, गुळगुळीत टाइल लावताना सपाटपणा डोळ्यांना बरा वाटतो आणि ढाळाचा बळी जातो. मग काचेच्या पायथ्याशी पाणी तुंबतं. रोज तासन्‌तास पाण्यात उभा असलेला सांधा लवकर सुटतो.

फरशीखाली काय आहे तेही पाहायला हवं. टाइल पाणी अडवते, पण टाइलांमधल्या दरजा सिमेंटी ग्राउटने भरलेल्या असतात आणि ते ग्राउट सच्छिद्र असतं. एपॉक्सी ग्राउट जवळजवळ पाणी पिऊ देत नाही, तरी तेवढ्यावर विसंबू नये. खरं संरक्षण टाइलच्या खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं असतं. तो थर जमिनीवर अखंड हवा, कोपऱ्यात न तुटता भिंतीवर चढवलेला हवा, आणि शॉवरच्या भिंतींवर डोक्याच्या उंचीपर्यंत न्यायला हवा. काच बसवणारा माणूस येतो सगळं काम संपल्यावर. तो ड्रिल घेऊन पट्टीसाठी फरशीत भोकं पाडतो, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना तो थर चार-सहा ठिकाणी फुटतो. जमिनीत भोकं न पाडता पट्टी सिलिकॉनने चिकटवता येत असेल तर तसंच करून घ्यावं. भोक टाळता येत नसेल तर ते खोल नको, आणि आधी त्यात सिलिकॉन भरून मगच स्क्रू पिळायचा.

आपल्याकडची दुसरी सवय व्हाइट सिमेंटची. भिंत आणि फरशी यांच्या कोपऱ्यात, काचेच्या कडेला, जिथे दिसेल तिथे ते भरलं जातं. ते स्वस्त आहे, हाताशी असतं, पण वाळल्यावर कडक होतं, आणि कोपरा कधी स्थिर नसतो. दोन मीटर उंचीची ॲल्युमिनियमची पट्टी गरम पाण्याने 20 अंशांनी तापली तर सुमारे 0.9 मिलिमीटर लांबते. तेवढीच काच लांबते 0.36 मिलिमीटर. रोज हा ताण बसला की कडक पदार्थाला तडा जातोच. भिंत आणि जमीन जिथे भेटतात तो सांधा लवचीकच हवा.

सिलिकॉनच्या अंगी हा लवचीकपणा येतो तो सिलिकॉन (silicon) हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या आलटून पालटून गुंफलेल्या लांब साखळ्यांमुळे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अनेक वर्षं या संयुगांचा अभ्यास केला. त्यांना हवे होते स्वच्छ स्फटिक. हाती येणारा चिकट गाळ त्यांना नकोसा वाटे. पुढे 1940 मध्ये अमेरिकेत यूजीन रोचो यांनी या संयुगांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर बनवण्याची पद्धत शोधली आणि किपिंगना नकोसा वाटलेला चिकटपणा कामाला आला.

ट्यूबमधलं सिलिकॉन हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया होऊन घट्ट होतं, बाहेरून आत, दिवसाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर. म्हणून वरून कोरडं लागलं तरी किमान 24 तास शॉवर बंद, आणि थर जाड असेल तर आणखी. लावताना व्हिनेगरसारखा वास आला तर ते ॲसिटिक ॲसिड सोडणारं सिलिकॉन आहे. काच आणि चकचकीत टाइलला ते चालतं. संगमरवर, सिमेंट, पितळ किंवा आरसा जवळ असेल तर न्यूट्रल प्रकारचं, म्हणजे आम्ल न सोडणारं, घ्यावं, कारण आम्ल चुनखडीच्या दगडाला आणि धातूला खातं.

हवेत बाष्प हवं, सांध्यात पाणी नको. पावसाळ्यात कोकणात सिलिकॉनवर साय लवकर धरते, पण ओल्या टाइलला ते धरतच नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं लावणं तर पूर्ण वाया, कारण घट्ट झालेल्या सिलिकॉनला सहसा काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. जुनं ब्लेडने खरवडायचं, साबणाचा थर आणि बोअरच्या पाण्याचे क्षार काढायचे, बुरशी मारायची, एक-दोन दिवस सुकू द्यायचं, शेवटी स्पिरिटने पुसायचं. मग दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून एका दमात सलग ओढ, लगेच बोट किंवा पट्टी फिरवून दाब, आणि साय धरण्याआधी टेप काढायची. अर्धा वेळ तयारीत गेला पाहिजे.

गळती कुठून होते हे न पाहता सांधा उकरू नका. खालच्या छतावरचा डाग फसवतो, कारण पाणी स्लॅबमधून दूरवर सरकून मग टपकतं. कुणी अंघोळ केली नाही तरी ओल वाढत असेल तर संशय नळाच्या पाइपवर घ्यावा. नाहीतर पायरीपायरीने तपासा. आधी फक्त ट्रॅपमध्ये पाणी ओतायचं. एक दिवस थांबून ट्रॅपला बूच मारून जमिनीवर थोडं पाणी 24 तास उभं ठेवायचं. त्यातही काही दिसलं नाही तर शॉवर भिंतीवर धरायचा, आणि सर्वांत शेवटी काचेवर. काचेच्या पाळीला बाहेरच्या कडेलगत कोरडे टिश्यू पेपर अंथरून ठेवा, आणि पहिला कागद कुठे भिजतो ते बघा. तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. मिस्त्रीला तेवढाच भाग उकरायला सांगा.