एकोणपन्नास दिवसांचा टॅबलेट

एचपी या संगणक बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने १ जुलै २०११ रोजी टचपॅड नावाचा टॅबलेट बाजारात आणला आणि १८ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या एकोणपन्नासाव्या दिवशी, तो बंद करत असल्याचे जाहीर केले. या टॅबलेटवर चालणारी वेबओएस ही कार्यप्रणाली हाती यावी, या मुख्य हेतूने एचपीने आदल्याच वर्षी पाम ही कंपनी सुमारे १२० कोटी डॉलरना विकत घेतली होती. एवढा पैसा ओतलेले उत्पादन दोन महिनेही टिकू नये, याचे कारण टचपॅडच्या यंत्रसामग्रीत शोधायला गेले तर ते तिथे पुरते सापडत नाही.

टचपॅडचा पडदा ॲपलच्या आयपॅडसारखाच ९.७ इंचांचा होता आणि त्यावरील चित्रबिंदूही तेवढेच, १०२४ गुणिले ७६८. त्याची स्मृती (रॅम) १ गिगाबाइट होती, तर त्या वेळच्या आयपॅड २ मध्ये तिच्या निम्मीच. वजन मात्र ७४० ग्रॅम, आयपॅड २ पेक्षा जवळजवळ १४० ग्रॅमने जास्त, आणि जाडीही नजरेत भरणारी. किंमत सारखीच असताना गिऱ्हाइकाने जड वस्तू का घ्यावी, हा प्रश्न रास्त होता. पण खरा घोळ पडद्याच्या आत होता.

वेबओएसची रचना, माझ्या मते, त्या काळच्या सर्व कार्यप्रणालींमध्ये सर्वांत समंजस होती. चालू असलेले प्रत्येक ॲप पडद्यावर खेळायच्या एका पत्त्यासारखे दिसे. बोटाने आडवे सरकवले की दुसरे ॲप समोर येई आणि वर भिरकावले की ते बंद होई. मात्र यातील बहुतेक ॲप्स वेबपानांच्याच भाषांत, म्हणजे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये, लिहिलेली असत. त्यामुळे ती तयार करणे सोपे होते, पण लिहिलेल्या सूचनांचा अर्थ लावण्याचे बरेचसे काम ॲप चालू असतानाच करावे लागत असल्याने प्रोसेसरवर भार पडे आणि बोट फिरल्यावर पडदा हलायला किंचित उशीर लागे. स्पर्शाने चालणाऱ्या यंत्रात हा उशीर बोटाला लगेच जाणवतो.

त्याहून मोठी अडचण होती ती ॲप्सच्या संख्येची. ॲप लिहिण्याचा खर्च वापरणारे हजार असोत वा कोटी, जवळपास तेवढाच येतो, म्हणून ॲप लिहिणारा आधी ग्राहक किती आहेत ते पाहतो. ग्राहक मात्र यंत्र घेण्याआधी ॲप्स किती आहेत ते पाहतो. ॲपलने २०१० मध्ये पहिला आयपॅड आणताना हा तिढा एका साध्या युक्तीने सोडवला. आयफोनचा पडदा तेव्हा ३२० गुणिले ४८० चित्रबिंदूंचा धरला जाई. आयपॅड तेच चित्र दोन्ही बाजूंनी दुप्पट करून ६४० गुणिले ९६० एवढे दाखवी आणि कडेला काळी पट्टी सोडून देई. ते दिसायला ओबडधोबड होते, तरी आयफोनची जवळपास सगळी ॲप्स पहिल्या दिवसापासून चालत होती. खास आयपॅडसाठी केलेली ॲप्स मग मागाहून येत राहिली आणि मार्च २०११ मध्ये ॲपलने त्यांची संख्या ६५ हजार सांगितली. टचपॅडसाठी अशी ॲप्स सुरुवातीला काही शेच होती.

गूगलची वाट वेगळी होती. अँड्रॉइडवरील फोनची ॲप्स मोठ्या पडद्यावर ताणली जात, पण यादीची एकेक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरे आणि मधला भाग रिकामाच राही. फेब्रुवारी २०११ मध्ये मोटोरोला झूम या टॅबलेटबरोबर आलेल्या अँड्रॉइडच्या हनीकोंब या आवृत्तीने ॲपचे तुकडे पाडण्याची सोय दिली: फोनवर एकामागून एक येणारी यादी आणि तपशील हे दोन भाग टॅबलेटवर शेजारी शेजारी मांडता येत. ही आवृत्ती ज्यांच्या देखरेखीखाली घडली ते मातियास दुआर्ते पाममध्ये वेबओएसचे पत्ते रचून गूगलकडे आले होते, ही गंमत इथे नोंदवायला हवी. सोय चांगली होती, पण ती वापरायची की नाही हे ॲप लिहिणाऱ्यांच्या मर्जीवर होते आणि बहुतेकांनी ती तसदी घेतली नाही.

भारतात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाजावाजा करून आलेल्या स्वस्त आकाश टॅबलेटची गतही याहून फार निराळी नव्हती. त्याचा पडदा दाबावर चालणारा होता, म्हणजे बोट टेकवून भागत नसे, नेटाने दाबावे लागे. शिवाय त्यावर अँड्रॉइड असूनही गूगलचे ॲप दुकान नव्हते. पुढे पवईच्या आयआयटीकडे हे काम आल्यावर पडदा तर सुधारलाच, पण सायलॅब हे गणिती आकडेमोडीचे सॉफ्टवेअर आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा यांसारखी विद्यार्थ्यांच्या कामाची साधने त्यावर चालवण्याकडेही लक्ष दिले गेले.

टचपॅडचा उरलेला साठा एचपीने ९९ डॉलरना काढला, तेव्हा तो हातोहात संपला. सुटे भाग आणि जुळणी यांचाच खर्च ३०० डॉलरच्या वर असल्याचा जाणकारांचा अंदाज होता, त्यामुळे प्रत्येक नगावर कंपनीने पदरचे पैसे घातले. नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने अँड्रॉइडलाच आपल्या पद्धतीने वळवून किंडल फायर हा टॅबलेट १९९ डॉलरना विकायला काढला. ॲमेझॉनला नफा टॅबलेटमधून नव्हे, तर त्यावर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांतून आणि चित्रपटांतून हवा होता.

वेबओएस २०१३ मध्ये एलजीने घेतली आणि ती आज त्या कंपनीच्या टीव्हींवर चालते. गूगलने मोठ्या पडद्यांसाठी अँड्रॉइडची पुन्हा एकदा नीट मांडणी केली ती २०२२ मध्ये. ॲप लिहिणाऱ्यांचा हिशेब मात्र जिंकलेल्यालाही चुकला नाही: आयपॅडसाठी व्हॉट्सॲपचे स्वतंत्र ॲप आले ते मे २०२५ मध्ये.