पोर्टचा क्रम वेगळा, बूटचा क्रम वेगळा

डेस्कटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क घातली आणि मशीन सुरू होईना, की पहिला संशय केबलवर जातो. कॅबिनेट पुन्हा उघडून केबली इकडच्या तिकडे केल्या जातात आणि बहुतेक वेळा फरक काहीच पडत नाही. डिस्क कुठल्या पोर्टात आहे ते केबल ठरवते. मशीन कुठल्या डिस्कवरून उठणार, म्हणजे बूट होणार, ते बायोसमधली (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्राममधली) यादी ठरवते. या दोन गोष्टींची गल्लत जुनी आहे, आणि एके काळी ती गल्लत नव्हतीच.

आयडीई या डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीत चपट्या रुंद पट्टीवर दोन उपकरणे बसत. मदरबोर्डवर अशा दोन वाहिन्या, म्हणजे हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह मिळून चार. एका पट्टीवरच्या दोघांत मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे डिस्कच्या मागचा जम्पर, म्हणजे पिनांवर बसवायची छोटी टोपी, सांगे. दोन्ही मास्टर ठेवले तर दोन्ही दिसेनात किंवा एकच दिसे. जम्पर ‘केबल सिलेक्ट’वर असेल तर ८० तारांच्या पट्टीचे टोकाचे काळे कनेक्टर मास्टर, मधले करडे स्लेव्ह, निळे मदरबोर्डला. बायोस आधी पहिल्या वाहिनीवरच्या मास्टरकडे पाही आणि डॉस ही विंडोजआधीची प्रणाली ‘सी’, ‘डी’ ही अक्षरेही जागेनुसारच वाटे. नवी डिस्क लावली की जुन्या ‘डी’ची ‘ई’ होऊन बसे. जागा बदलली की सगळे बदलते, हा धडा तिथला, आणि तिथे तो खराच होता.

आयडीईनंतर आलेल्या साटा जोडणीत एका पोर्टाला एकच उपकरण. मास्टर नाही, स्लेव्ह नाही. साटा डिस्कच्या मागे पिना दिसल्या की काहीजण जम्पर शोधू लागतात. त्या पिना बहुधा जुन्या बोर्डासाठी वेग १.५ गिगाबिटवर उतरवायला असतात. हात लावू नये. विंडोज ड्राइव्हचे अक्षर डिस्कच्या ओळखीवरून लक्षात ठेवते, पोर्टावरून नव्हे. त्यामुळे डेटाची डिस्क २ नंबरच्या पोर्टातून ४ नंबरात गेली तरी तिची ‘डी’ ‘डी’च राहते. लिनक्समध्ये मात्र ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे बदलू शकतात, म्हणून एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फायलीत) यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा कायमचा ओळख क्रमांकच लिहावा.

मग पोर्टाचा नंबर कशालाच लागत नाही का? लागतो, पण वेगळ्या कारणांसाठी. काही बोर्डांवर एम.२ स्लॉटात (बोर्डावरच्या छोट्या आडव्या खाचेत) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. कोणते, ते मॅन्युअलच्या तक्त्यात असते. ‘डिस्क मेली’ म्हणण्याआधी तो तक्ता पाहावा. जुन्या बोर्डांवर काही पोर्ट ३ गिगाबिटचे आणि काही ६ चे असतात. एसएसडी ६ च्या पोर्टात, फिरती डिस्क आणि डीव्हीडी रायटर उरलेल्यांत. वेगळ्या चिपचे जादा पोर्ट असतील तर रायटर तिथे लावू नये, त्यावरून डीव्हीडी बूट होताना कधी कधी अडते.

बूटची यादीही एक नसते, आणि खरी फसगत इथे होते. जुन्या बायोसमध्ये ‘बूट डिव्हाइस प्रायॉरिटी’त हार्ड डिस्क आधी की सीडी आधी एवढेच ठरते. चार डिस्कांपैकी कोणती, ते ‘हार्ड डिस्क प्रायॉरिटी’ या निराळ्या पानावर. लोक पहिले पान बदलतात, दुसरे उघडतच नाहीत. यूईएफआयमध्ये, म्हणजे बायोसच्या नव्या अवतारात, डिस्कचे नाव न निवडता ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडावे.

विंडोज घालताना मात्र कोणत्या डिस्का जोडलेल्या आहेत याला फार महत्त्व येते. शेजारच्या जुन्या डिस्कवर आधीचे ईएफआय पार्टिशन (मशीन उठवणाऱ्या फायलींचा छोटा कप्पा) असेल तर इन्स्टॉलर बऱ्याचदा तेच वापरतो. विंडोज नव्या एसएसडीवर, पण तिला उठवणाऱ्या फायली जुन्या डिस्कवर. वर्षभर कळत नाही. जुनी डिस्क काढली त्या दिवशी मशीन उठत नाही. म्हणून इन्स्टॉलच्या वेळी एसएसडी सोडून बाकी सगळ्या डिस्कांच्या केबली काढाव्या, विंडोज पूर्ण उठू द्यावी, मशीन बंद करून मग एकेक डिस्क लावावी. आधीच घोळ झाला असेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ कुठल्या डिस्कवर लिहिलेय ते पाहून मगच जुनी डिस्क काढावी.

गोव्यात पावसाळ्याआधी याला आणखी एक फाटा फुटतो. गडगडाट सुरू झाला की घरोघरी प्लग काढून ठेवतात, आणि ते योग्यच. पण मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरलेला असेल, तर प्लग काढताच बायोसच्या नोंदी पुसतात. भिंतीतून वीज चालू असेपर्यंत हे लक्षात येत नाही, कारण एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, त्या नोंदी जागत्या ठेवतो. सकाळी बूटचा क्रम मूळपदावर, घड्याळ भलत्याच सालात, आणि पडद्यावर बूट डिव्हाइस निवडा म्हणून सूचना. जुन्या बोर्डावर साटाचा मोडही एएचसीआयवरून (साटाच्या स्वतःच्या पद्धतीवरून) जुन्या आयडीई पद्धतीवर पडतो आणि विंडोज ७ निळा पडदा दाखवते. डिस्क शाबूत असते. सेल बदलावा, मोड आधी होता तोच करावा, मग बूटची यादी लावावी.

फोंडा-म्हापशाच्या फोटो स्टुडिओंत लग्नाच्या आणि जत्रेच्या डीव्हीड्यांसाठी रायटर अजून लागतो. बूटच्या यादीत तो डिस्कच्या खाली ठेवावा, नाहीतर ट्रेमध्ये विसरलेली तबकडी दर वेळी फिरत बसते. अक्षर त्याला ‘झेड’ द्यावे, म्हणजे पुढच्या डिस्कांत लुडबुड नाही. स्क्रूही सारखे वाटतात पण नसतात: ३.५ इंची डिस्कला जाड आट्यांचा, रायटरला आणि २.५ इंची एसएसडीला बारीक आट्यांचा एम३. जोर करून फिरवला की आटे गेलेच.

डिस्क मधूनच गायब होत असेल तर क्रमाच्या मागे लागू नये. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांत, ‘यूडीएमए सीआरसी एरर’चा (केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा) आकडा पाहावा. तो वाढत असेल तर बहुधा डेटा केबल किंवा तिचे टोक खराब आहे. केबल बदलावी, आकडा मागे येत नाही, फक्त पुढे वाढायचा थांबतो. सगळ्या डिस्का सुरुवातीलाच टकटक करून थांबत असतील तर एसएमपीएस पाहावा. फिरती डिस्क उठताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, चार डिस्का एकदम उठल्या की ८. आणि मॉड्युलर एसएमपीएसची पॉवर केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधी लावू नये: टोक तंतोतंत बसते, पण आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो, आणि त्यात डिस्कचे सर्किट जळते.