शिंपल्यात रंग नाहीच, मग तो चमकतो कसा?

जुन्या ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या काळातल्या, फर्निचरचा नुसता फोटो बघितला तरी नजर आधी त्या चमकत्या तुकड्यांवरच जाते, अक्रोडाच्या गडद लाकडात जडवलेले शिंपल्याचे तारे आणि त्यांच्या मधे कासवाच्या कवचाच्या तपकिरी पट्ट्या. तुर्कीत शिंपल्याच्या आतल्या या चमकत्या थराला सेदेफ म्हणतात आणि त्याचं जडावकाम करणारा तो सेदेफकार. इस्तंबूलची निळी मशीद (१६०९ ते १६१६) बांधणारा मेहमेद आगा तर वास्तुकार म्हणून एवढा मोठा झाला तरी सेदेफकार मेहमेद आगा याच नावाने ओळखला जातो.

आता गंमत अशी की या चमकेत गुलाबी किंवा हिरवा रंग कुठेच नाहीये. शिंपल्याचा हा थर म्हणजे अ‍ॅरागोनाइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, चपट्या चकत्या एकावर एक रचलेल्या, आणि मधे प्रोटीनचा बारीकसा लेप. एकेक चकती साधारण अर्धा मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीत शंभरेक सहज बसतील. प्रकाशाच्या लहरींची लांबीही याच मापाची, म्हणून वेगवेगळ्या थरांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग उजळतात, काही विझतात. समुद्रावरून आणलेला एखादा चमकता शिंपला घरात असेल तर टॉर्चखाली हळूहळू फिरवून बघा, आत्ता गुलाबी दिसलेली कड लगेच हिरवी होते. आणि रंगद्रव्यच नाही म्हटल्यावर उन्हाने उडायला काय आहे? म्हणून तर चारशे वर्षांपूर्वीच्या रेहलवरचा, म्हणजे कुराण ठेवायच्या घडीच्या स्टँडवरचा, शिंपला आजही तसाच झळकतो.

मला मात्र जास्त कौतुक लाकूड सांभाळणाऱ्या हातांचं वाटतं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, तेही रेषांना आडवं जास्त आणि रेषांच्या दिशेने जवळपास नाहीच. शिंपला मात्र जागचा हलत नाही. म्हणजे मोठा तुकडा बसवला की तो कधीतरी सुटणार किंवा तडकणार, त्यात शिंपला मुळात वाकडा, सपाट तुकडे निघतात ते लहानच, म्हणून छोटे छोटे तुकडे कापून ते सरसाने चिकटवायचे. सरस ऊब आणि ओल लागली की मऊ होतो, त्यामुळे शेकडो वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्यालाही तुकडा न मोडता काढता येतो. दारांसाठी तर कुंदेकारी नावाची पद्धत, खाचा करून लाकडाचे तुकडे एकमेकांत अडकवायचे, ना खिळा ना सरस, प्रत्येक तुकड्याला हलायला जागा.

कासवाचं कवच म्हणजे केराटिन, आपल्या नखांसारखंच, गरम पाण्यात मऊ करून दाबून सपाट करायचं आणि कधी खाली सोन्याचा वर्ख लावायचा, म्हणजे आतून उजेड आल्यासारखं दिसतं. ते यायचं हॉक्सबिल कासवाकडून, ज्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज बंदी आहे आणि ती हवीच.

आणि हो, असली जडावाची एखादी पेटी तुमच्याकडे असेल तर लिंबू किंवा व्हिनेगरने अजिबात पुसू नका, आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि गेलेली चमक परत येत नाही.