आई-बाबांचा अमेरिकेतला मुक्काम वाढवायचा असेल तर

पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणून आई-बाबा हवे तितके दिवस राहू शकतात, असं अनेक घरांत धरून चालतात. तसं नाही. व्हिसा अमेरिकेच्या दारापर्यंत आणतो. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. ते पोचले की त्याच आठवड्यात सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खातं) संकेतस्थळावरून दोघांची आय-९४ काढून घ्या.

मुदतवाढीचा अर्ज म्हणजे आय-५३९. तो यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं नागरिकत्व आणि इमिग्रेशन खातं) आय-९४ची तारीख उलटण्याआधी पोचायलाच हवा. किमान ४५ दिवस आधी करा, असा त्यांचाच सल्ला आहे. एप्रिल २०२४ पासूनच्या दरानं शुल्क ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी अर्जाला ४७०. भरण्याआधी ताजा दर पाहा. नवरा-बायको एकाच अर्जात येतात. अर्जदार मात्र आई-बाबाच, त्यामुळे फॉर्म तुम्ही भरला तरी सही त्यांचीच.

सगळं वजन असतं ते कारणाच्या पत्राला. "नातवंडांसोबत राहायचंय" एवढ्यावर थांबू नका. सुनेचं बाळंतपण, बाबांची शस्त्रक्रिया, जे खरं असेल ते तारखांसह लिहा, डॉक्टरांचं पत्र जोडा आणि परत कधी जाणार ते स्पष्ट सांगा. सोबत आय-९४, पूर्ण मुक्कामभर वैध असलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट, खर्च कोण करणार त्याचा पुरावा (तुमच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट) आणि भारतात परतायचं कारण दाखवणारे कागद: पेन्शन, घर, शेती. सातबारा मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, खाली भाषांतर करणाऱ्याचं सहीनिशी प्रमाणपत्र. नोटरीची गरज नाही.

अर्जाची पावती जपून ठेवा. निकालाला महिने लागू शकतात. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असताना आय-९४ संपली, तरी तेवढ्यानं बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजले जात नाहीत. नकार आला तर मात्र लगेच निघा. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला आणि मग देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर झाला तर दहा. सत्तरीच्या माणसासाठी ही बंदी म्हणजे नातवंडांची भेट कायमची हुकणं ठरू शकतं.

निकालाआधीच ते परतले, तर पावती आणि बोर्डिंग पास एकत्र ठेवा. पुढच्या वेळी अधिकाऱ्यानं विचारलं तर तेच दाखवायचे. आणि प्रवासी विम्याची मुदत अर्ज करतानाच वाढवून घ्या.