सुतारी बेंच

सुतारी बेंच म्हणजे हातहत्यारांनी काम करताना लाकूड धरून ठेवायचं जड टेबल. रंधा मारताना जोर आडवा लागतो, त्यामुळं बेंच हलका असला की लाकूड साफ व्हायचं राहतं बाजूला आणि बेंचच खोलीभर सरकत जातो, म्हणून पहिलं वजन बघायचं, बाकी सगळं नंतर.

मराठवाड्यातल्या गावच्या सुताराचं असल्या बेंचवाचून कधी अडलं नाही. बलुत्यावर काम करणारा सुतार लिंबाच्या सावलीत खाली बसायचा, लाकूड पायानं दाबायचा, समोर एक ओंडका आणि हातात वाकस (लाकूड तासायचं हत्यार), एवढ्यावर तिफण, वखर, बैलगाडीचं चाक सगळं व्हायचं. उभं राहून काम करायचा बेंच आपल्याकडं आयटीआय आणि शाळेतल्या वर्कशॉपमधून आला, मूळचा तो युरोपातला. फ्रान्सच्या आंद्रे-जाकोब रूबोनं १७६९ पासून छापलेल्या सुतारकामाच्या ग्रंथात जो बेंच दाखवलाय तोच आजही हौशी लोक करायलेत, एकच जाड फळी, चार जाड पाय आणि पायांची पुढची बाजू फळीच्या कडेशी एकसारखी. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण दार किंवा लांब पाट उभा धरून कड रंधायची असली की तो थेट पायाला टेकवता येतो.

लाकडाचं म्हणाल तर सगळे आधी साग सांगतात, आणि किनवट-माहूरच्या जंगलाचा साग चांगला आहेच, कमी हलतो, कीड लागत नाही. पण महाग, बाभळीच्या मानानं हलका, शिवाय त्यातल्या सिलिकामुळं रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. बेंचला बाभूळ जास्त शोभते, जड आणि चिवट, मात्र बाहेरचं पांढरं लाकूड काढूनच टाकावं, भुंगा तिथंच लागतो. चिंच पण चालते, खाटकाचा ठोकळा उगाच चिंचेचा नसतो. ओलं लाकूड आणलं तर इंचाला एक वर्ष वाळवायचं असा ढोबळ हिशोब आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टोकं फाटू नयेत म्हणून दोन्ही तोंडांना शेण नाहीतर ऑइलपेंट फासून सावलीत रचतात.

याहून सोपा मार्ग म्हणजे जुन्या माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराची, तुळई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं डोक्यावरच्या त्या मातीच्या ओझ्याची भीतीच बसली, नंतर स्लॅब आले, आणि उतरवलेल्या घरांचं लाकूड विकायला येऊ लागलं. पन्नास-साठ वर्षं छताखाली वाळलेलं लाकूड, आता अजून किती वाळणार! फक्त खिळे शोधून काढायचे, नाहीतर करवतीचे दात गेलेच, आणि वाळवीनं आतून पोकळ केलेली तुळई ठोकून आवाजावरून ओळखायची.

मापं साधारण अशी: लांबी सहा फूट, रुंदी वीस-बावीस इंच, फळी तीन-चार इंच जाड. उंचीला सरळ उभं राहून हात खाली सोडायचा, मनगट येईल तिथंपर्यंत, म्हणजे बहुतेकांना ३०-३३ इंच. किचन ओट्याएवढा उंच केला की रंध्यावर अंगाचं वजन पडत नाही, सगळं दंडावर येतं.

खरी मेहनत सांध्यांत आहे. पायाच्या टोकाला कुसू, म्हणजे भोकात बसणारी निमुळती केलेली जीभ, काढून ते फळीतल्या आरपार भोकात बसवतात, आणि खालच्या आडव्या पट्ट्या पायांत खुंटी मारून आवळतात. इथं एक युक्ती आहे, पट्टीच्या कुसवातलं खुंटीचं भोक पायातल्या भोकासमोर नेमकं न पाडता दीड-दोन मिलिमीटर खांद्याकडं, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या बाजूला, सरकवून पाडायचं, मग टोक निमुळतं केलेली सुकी खुंटी आत जाताना वाकते आणि सांधा स्वतःच ओढून घेते. असा सांधा फेव्हिकॉलशिवाय सुद्धा वर्षानुवर्षं हलत नाही.

पकडीसाठी पुढं पायाला शेगडा (स्क्रूनं आवळायची पकड) लावतात, पण पैसे कमी असतील तर आधी होल्डफास्ट, म्हणजे फळीच्या भोकात अडकून लाकूड दाबून धरणारा लोखंडी आकडा, करून घ्यावा. लोहाराकडून २० मिलिमीटरच्या गुळगुळीत गोल गजाचा, काठीच्या मुठीसारखा वाकवून, टोक चपटं करून. पीळदार सळई नको. फळीत गजापेक्षा केसभर मोठं, एकदम सरळ भोक पाडायचं, होल्डफास्ट त्यात सोडून वरून मोगरीचा (लाकडी हातोड्याचा) एक ठोका दिला की तो भोकात तिरका होऊन अडकतो आणि खालचं लाकूड जाम होतं, मागून एक टोला दिला की सुटतो. भोक सैल झालं तर तो नुसता नाचतो.

वर जवसाचं तेल पुरतं, पॉलिश नको, लाकूड घसरतं. कच्चं तेल वाळायला लई दिवस घेतं. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवायच्या. पहिल्या पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं वर्षभरानं सरळ पट्टी ठेवून उंचवटे बघायचे आणि आडवा रंधा मारून पुन्हा सपाट करायचा.