लग्नाच्या चित्रीकरणात एखादा क्षण निसटला तर?

शेवटचं 'शुभमंगल सावधान' होतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते. सगळं काही सेकंदांत आटोपतं. नेमकं तेव्हाच कुणी मोबाइल उंचावून कॅमेऱ्यासमोर आलं किंवा फोकस भलत्याच चेहऱ्यावर गेला, तर काय होईल? बुकिंग करताना हे आम्हाला जरूर विचारा.

अशा वेळी आमचा कॅमेरामन रेकॉर्डिंग बंद करत नाही. अंतरपाटाचा क्षण हुकला म्हणून तो गडबडला, तर पाठोपाठ हार घालणंही हुकतं. म्हणून तो आधी वधूच्या मुंडावळ्यांवर फोकस धरतो आणि पुढचं टिपत राहतो. झालेल्या चुकीचं एडिटिंगच्या वेळी पाहू.

दुसरा कॅमेरा ट्रायपॉडवर, अख्खा मंच दिसेल असा सुरूच असतो. त्याचं रेकॉर्डिंग फोर-केमध्ये, म्हणजे 3840 बाय 2160 पिक्सेल (चित्राचे ठिपके). तुमची फिल्म 1920 बाय 1080 मध्ये तयार होते. त्यामुळे या मोठ्या चित्रातला फक्त वधूवरांचा भाग घेतला तरी तो स्पष्ट राहतो. जवळचा शॉट गेला तर तो बहुतेकदा इथूनच मिळतो.

आवाजाची काळजी आम्ही जास्त घेतो. आत्या-मावशा मंगलाष्टका म्हणतात तेव्हा साउंडवाला आवाज वाढवतो. रेकॉर्डिंगमध्ये फाटलेला आवाज नंतर पूर्ण सुधारत नाही. म्हणून मिक्सरवरून येणारा आवाज आम्ही स्वतंत्र रेकॉर्डरवर घेतो आणि त्याचीच दुसरी प्रत मुद्दाम कमी पातळीवर ठेवतो. आवाज नीट असला की चित्रातली फट भरता येते: मंगलाष्टक चालू राहतं आणि पडद्यावर वधूच्या आईचा चेहरा दिसतो.

काही गोष्टी मात्र दुरुस्त होत नाहीत. पूर्ण धूसर झालेला चेहरा सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही. थोडं काळपट चित्र उजळता येतं, पण एलईडीच्या झोतात पांढरीफटक झालेली नऊवारीची जर परत दिसत नाही. असं काही निसटलं असेल तर एडिटिंग सुरू करण्याआधी आम्ही तुम्हाला फोन करून सांगतो.

कन्यादान किंवा सप्तपदी कॅमेऱ्यासाठी पुन्हा करा, असं आम्ही कधीही सांगणार नाही. तो तुमचा विधी आहे.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. विधींचा क्रम घराघरांत बदलतो. तो ठाऊक असलेली घरातली एक व्यक्ती आमच्या माणसाला आधी भेटवा. आणि पाहुण्यांनी मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ पुसू देऊ नका. निसटलेला क्षण कधी कधी एखाद्या चुलतभावाच्या फोनमध्ये सापडतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला तर व्हिडिओचा दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर आणून द्या.